हार्ड डिस्कवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला का?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे विंडोज ११ चा लॅपटॉप आहे आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेली दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. लॅपटॉप भरत आला तेव्हा २०१९ पर्यंतचे घरचे सगळे फोटो तुम्ही डिस्कवर टाकलेत आणि लॅपटॉपवरून काढून टाकलेत. शिवाय डी ड्राइव्हमधलं 'महत्त्वाचे' नावाचं फोल्डर तुम्ही अधूनमधून डिस्कवर कॉपी करता. त्यात जमिनीचे उतारे, पेन्शनची कागदपत्रं, नोकरीत असताना श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटांत टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका आणि तुमचं लेखन आहे. दर वेळी 'रिप्लेस की स्किप' असं विचारलं जातं आणि तिथे तुम्ही अडता. कॉपी-पेस्ट चालेल की सॉफ्टवेअर घ्यावं, आणि बॅकअप किती दिवसांनी घ्यावा, हे तुम्हाला हवं आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत टाका; तेही पटत नाही.

सगळ्याची उत्तरं देतो. पण सॉफ्टवेअरच्या आधी एक गोष्ट बघू या, कारण खरी अडचण तिथेच आहे. तुमच्या २०१९ पर्यंतच्या फोटोंचा आज बॅकअप नाही. ते लॅपटॉपमधून निघून डिस्कवर गेले, एवढंच झालं. प्रत आधी एकच होती आणि आताही एकच आहे. उलट आता ती टेबलावरून पडू शकेल अशा वस्तूत आहे. मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि लहान ऑफिसांच्या देखभालीचं काम करतो. डेटा गेला म्हणून जी माणसं दुकानात येतात, त्यांच्यातली बरीच जण म्हणतात, "बॅकअप होता हो, हार्ड डिस्कवर ठेवला होता." विचारत गेलं की कळतं, डिस्कवर होतं ते मूळच होतं. दुसरं कुठेच काही नव्हतं.

म्हणजे एकाच डिस्कला तुम्ही दोन कामं लावली आहेत. एक काम जागा करून देण्याचं, दुसरं बॅकअपचं. दोन्ही कामं आपापल्या जागी योग्य आहेत, पण पहिल्या कामासाठी डिस्कवर गेलेली प्रत्येक फाइल उघडी पडते. माझा साधा नियम असा आहे : कुठलीही फाइल, जी गेली तर जीव हळहळेल, ती कुठल्याही क्षणी किमान दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असली पाहिजे. वस्तूंवर, ड्राइव्हच्या अक्षरांवर नव्हे. आपल्याकडे 'सी उडाला तरी डी राहतो' ही समजूत फार पक्की आहे. ती आली विंडोज फॉरमॅट करण्यावरून, कारण तेव्हा सी पुसला जातो आणि डी तसाच राहतो. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही एका वेळी जातात. सीमधलं डीमध्ये कॉपी करून ठेवलं असेल तर त्याला बॅकअप समजू नका.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिली खरेदी सॉफ्टवेअरची नाही, दुसऱ्या डिस्कची आहे. ती आल्याशिवाय पुढच्या कुठल्याही सल्ल्याला अर्थ नाही.

आता बॅकअप नेमका कशापासून वाचवतो हे लक्षात घेतलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. डिस्क बंद पडणं, पडून फुटणं, लॅपटॉप चोरीला जाणं हे सगळ्यांना सुचतं आणि त्याला दुसरी प्रत पुरते. पण दोन संकटं अशी आहेत की ज्यांत दुसरी प्रत असूनही उपयोग होत नाही. त्यांच्यावर जरा थांबतो.

पहिलं संकट म्हणजे गुपचूप झालेला बिघाड. समजा, पेन्शनच्या हिशोबाची एक्सेल फाइल तुम्ही उघडलीत, चुकून दोन कॉलम पुसले गेले आणि फाइल सेव्ह झाली. पुढच्या रविवारी तुम्ही बॅकअप घेतलात आणि 'रिप्लेस' दाबलंत. आता बिघडलेली फाइल दोन्हीकडे आहे. चार महिन्यांनी रिटर्न भरताना फाइल उघडाल तेव्हा हे लक्षात येईल. हार्डवेअरला काहीच झालेलं नाही, बॅकअपही वेळेवर घेतला गेला, तरी चांगली प्रत जगात कुठेच उरली नाही. म्हणून बॅकअप म्हणजे आजची प्रत एवढंच नाही. मागच्या आठवड्याची आणि मागच्या वर्षीचीही प्रत हवी. माझ्याकडे येणाऱ्यांना हाच मुद्दा समजावून सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि चांगला बॅकअप व कामचलाऊ बॅकअप यांतला फरक बहुतेक वेळा इथेच पडतो.

दुसरं संकट म्हणजे रॅन्समवेअर. हा व्हायरस फाइली कुलूपबंद करतो आणि पैसे मागतो. घरगुती वापरात 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या नावाने ओळखली जाणारी जात बऱ्याच काळापासून त्रास देते आहे, आणि ती बहुतांशी क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून, फुकट अ‍ॅक्टिव्हेटरमधून घरात शिरते. ती फक्त सी ड्राइव्हवर थांबत नाही. त्या वेळी जोडलेली पेन ड्राइव्ह, एक्स्टर्नल डिस्क, जे दिसेल ते सगळं कुलूपबंद होतं. २०१६ मध्ये युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेने आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांबरोबर 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला. तिथे काही जातींची कुलपं उघडायची साधनं फुकट मिळतात, पण सगळ्यांची नाहीत. खरा बचाव एकच : बॅकअपची डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवायची. सोयीसाठी कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या दृष्टीने लॅपटॉपचाच भाग असते. विजेच्या बाबतीतही तेच. वळवाच्या पावसात वीज कडाडते, व्होल्टेज उसळतं आणि चार्जरला लावलेल्या लॅपटॉपबरोबर त्याला जोडलेली डिस्कही जाऊ शकते.

तर आता तुमच्या 'रिप्लेस'च्या प्रश्नाकडे येऊ. माझं म्हणणं असं, की तुमच्या फाइली दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांना एकच पद्धत लावल्यामुळे गोंधळ होतो आहे. कागदपत्रं आणि लेखन यांत बदल होत राहतात, पण आकाराने ती किरकोळ असतात. फोटो आणि व्हिडिओ आकाराने प्रचंड, पण एकदा काढले की बदलत नाहीत. फक्त नवे येत राहतात.

कागदपत्रांसाठी मी ज्येष्ठ मंडळींना एक अगदी साधी रीत सांगतो. डिस्कवर 'कागदपत्रं' नावाचं फोल्डर करा. दर वेळी त्यात त्या दिवसाच्या तारखेचं नवं फोल्डर करा आणि 'महत्त्वाचे' अख्खं त्यात कॉपी करा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा, जसं २०२५-०६-०१. म्हणजे फोल्डरं आपोआप ओळीने लागतात. नवं फोल्डर रिकामं असल्यामुळे 'रिप्लेस'चा प्रश्न उद्भवतच नाही आणि जुनी प्रत जशीच्या तशी राहते. जागेची काळजी वाटेल, तर हिशोब करून बघा. 'महत्त्वाचे' तीन जीबीचं असेल आणि दर आठवड्याला एक प्रत ठेवलीत, तर वर्षभराच्या ५२ प्रती १५६ जीबी होतात. दोन टीबीमध्ये हे सहज बसतं. वर्ष सरल्यावर प्रत्येक महिन्याची एक ठेवून बाकीच्या काढल्यात तर जागा पुन्हा मोकळी.

यात एक खबरदारी. एक्सेल, वर्ड किंवा टॅलीसारखं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालू असताना कॉपी करू नका. उघडी फाइल कधी कॉपी होत नाही, आणि कधी अर्धवट अवस्थेत कॉपी होते, जी नंतर उघडतच नाही. सगळं बंद करून मग सुरुवात करा.

फोटोंना तारखेची फोल्डरं परवडणार नाहीत. तिथे रीत अशी, की फोटो वर्षाच्या आणि प्रसंगाच्या फोल्डरात लावायचे आणि फक्त नवी फोल्डरं डिस्कवर न्यायची. इथे 'स्किप' बरोबर वाटतं, पण त्यात एक खाच आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा फोटोला द्यायचा क्रमांक चार आकडी असतो. ९९९९ झाले की तो पुन्हा ०००१ वर येतो. कार्ड फॉरमॅट केल्यावर किंवा कॅमेरा बदलल्यावरही क्रमांक पहिल्यापासून सुरू होऊ शकतात. त्यामुळे मुंजीतला ०१२३ आणि बारशातला ०१२३ हे दोन वेगळे फोटो एकाच नावाचे असू शकतात. सगळे फोटो एकाच मोठ्या फोल्डरात ओतलेत आणि 'स्किप' दाबलंत, तर दुसरा फोटो कधी जाणारच नाही. 'रिप्लेस' दाबलंत तर पहिला जाईल. विंडोज तिसरा पर्याय देतं, दोन्ही फाइलींची माहिती तुलना करून ठरवण्याचा. शंका असेल तेव्हा तोच उघडा आणि आकार व तारीख बघा. वेगळ्या असतील तर दोन्ही ठेवा. प्रसंगवार फोल्डरं असली की ही वेळ फारशी येत नाही.

कॉपी करताना 'कट' कधीही करू नका, अगदी जागा करायची असली तरी. आधी कॉपी, मग तपासणी, मग दुसऱ्या डिस्कवर कॉपी, आणि त्यानंतरच लॅपटॉपवरून काढणं. फाइली हलवताना मध्येच केबल निसटली की काय कुठे राहिलं याचा हिशोब लागत नाही.

सॉफ्टवेअर हवं की नको, हे तुमच्या स्वभावावर आहे. जो माणूस रविवारी सकाळी न चुकता बसेल, त्याला वरची हाताने करायची रीत पुरेशी आहे; तिचा मोठा फायदा म्हणजे काय झालं ते डोळ्यांना दिसतं. ज्याला आठवण राहत नाही, त्याने विंडोजमधलंच 'फाइल हिस्टरी' वापरावं. विंडोज ११ मध्ये ते जरा आत आहे : कंट्रोल पॅनल, मग सिस्टिम अँड सिक्युरिटी, मग फाइल हिस्टरी. चालू केलं की डिस्क जोडलेली असताना दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत घेतं आणि जुन्या प्रती राखतं, म्हणजे मघाच्या पहिल्या संकटावर नेमका उपाय. डिस्कवर ते फाइलींच्या नावांपुढे तारीख-वेळ जोडून साधी फोल्डरं करतं. त्यामुळे लॅपटॉप पूर्ण गेला तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर डिस्क लावून फाइल हाताने काढता येते. हा गुण मला फार मोलाचा वाटतो. ज्या सॉफ्टवेअरचा बॅकअप फक्त त्याच सॉफ्टवेअरने उघडतो, ते घरगुती वापरासाठी मी शक्यतो सुचवत नाही. दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर कुठे शोधणार?

फाइल हिस्टरीची एक अडचण तुम्हाला नक्की येईल. ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डरं आणि लायब्ररीत, म्हणजे विंडोजमधल्या फोल्डरांच्या एकत्रित यादीत असलेलंच बघते. तुमचं 'महत्त्वाचे' डी ड्राइव्हवर आहे, ते तिला दिसणार नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ते डॉक्युमेंट्सच्या लायब्ररीत समाविष्ट करा, मग ते घेतलं जाईल. हे न केल्यामुळे वर्षभर बॅकअप चालू आहे असं वाटून प्रत्यक्षात रिकाम्या फोल्डरांचा बॅकअप चाललेला मी पाहिला आहे.

फोटोंसाठी फ्रीफाइलसिंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. दोन फोल्डरांतला फरक ते समोरासमोर मांडून दाखवतं. मात्र त्यातला, किंवा विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करायच्या आज्ञेतला 'मिरर' हा पर्याय समजून घेतल्याशिवाय वापरू नका. मिरर म्हणजे उजवी बाजू डावीसारखी हुबेहूब करणं. डावीकडे नसेल ते उजवीकडून पुसलं जातं. तुमच्या बाबतीत हे भयंकर आहे : लॅपटॉपवर २०१९ पर्यंतचे फोटो नाहीत, डिस्कवर आहेत, मिरर केलंत की ते डिस्कवरूनही जातील. त्याऐवजी 'अपडेट' निवडा, ज्यात नवं आणि बदललेलं जातं पण काहीही पुसलं जात नाही. शिवाय बदललेल्या फाइलींची जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात ठेवायची सोय त्यात आहे, ती चालू करा.

विंडोज ११ मध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं अ‍ॅपही दिसेल. नावावरून वाटतं, पण ते तुमच्या डिस्कवर काही ठेवत नाही. ते वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर पाठवतं, आणि तिथे फुकट जागा पाच जीबी आहे. यातून एक नवा गोंधळ हल्ली सारखा येतो. नव्या लॅपटॉपवर सुरुवातीची मांडणी करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेले असतात, आणि जागा वाचवायला काही फाइली लॅपटॉपवर नुसत्या नावापुरत्या उरतात. अशा फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह दिसतं आणि प्रॉपर्टीजमध्ये 'साइज ऑन डिस्क' शून्य असते. फाइल दिसते, पण घरात नसते. बॅकअपच्या आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'कायम या डिव्हाइसवर ठेवा' हा पर्याय निवडा, सगळं उतरू द्या, मग कॉपी करा.

मुलाच्या सल्ल्याबद्दल म्हणाल, तर तो चुकीचा नाही, अपुरा आहे. क्लाउडवरचं सिंक हे आरशासारखं चालतं : इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या आणि वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात पुसलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत राहते, नंतर जाते. चार महिन्यांनी लक्षात येणाऱ्या चुकीला ते पुरत नाही. पण घराला काही झालं तर क्लाउड घराबाहेर आहे, हा त्याचा मोठा गुण. तुमची कागदपत्रं तीन-चार जीबीची असतील तर गूगलच्या फुकट १५ जीबीत ती बसतील. तेवढी तिथे ठेवा. फोटोंच्या शेकडो जीबीसाठी दरमहा पैसे भरायचे की नाही, हे तुमच्या खर्चावर आणि इंटरनेटवर अवलंबून आहे. मी ते सक्तीचं मानत नाही.

सक्तीचं मानतो ते हे, की एक डिस्क घराबाहेर असली पाहिजे. सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि चिपळुणात २२ जुलै २०२१ ला काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं. त्या पुरानंतर लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच कपाटातून, एकाच पिशवीतून चिखलाने माखून माझ्या टेबलावर आले. लोकांनी बॅकअप घेतला होता, नियमाने घेतला होता. फक्त तो त्याच खोलीत होता. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम याचसाठी आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. तुमच्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. एक डिस्क तुमच्याकडे, दुसरी मुलाकडे पुण्यात. दिवाळीला, गणपतीला, उन्हाळ्यात येणं-जाणं होतंच. तेव्हा डिस्कांची अदलाबदल करायची. पुण्याची डिस्क चार महिने जुनी असेल, चालेल. पूर्ण गमावण्यापेक्षा चार महिन्यांचं गमावणं वेगळं.

डिस्क घराबाहेर जाणार, त्यात आधार, पॅन, बँकेची पासबुकं असणार, तेव्हा पासवर्डचा विचार करावा लागतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरने एक्स्टर्नल डिस्क कुलूपबंद करता येते. होम आवृत्तीत अशी डिस्क उघडता येते, पण नवी बनवता येत नाही. होम असेल तर मोफत मिळणारं व्हेराक्रिप्ट आहे. पण पासवर्ड विसरलात तर जगातला कुठलाही दुरुस्तीवाला ती उघडून देऊ शकणार नाही, मीही नाही. म्हणून घरगुती गिऱ्हाइकांना मी सगळी डिस्क कुलूपबंद करायला सांगत नाही. ओळखीची कागदपत्रं तेवढी कुलपात ठेवा, फोटो उघडे राहू द्या, आणि पासवर्ड कागदावर लिहून घरच्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आजच तपासा. नव्या विंडोज ११ मध्ये लॅपटॉपची आतली डिस्क पुष्कळदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर पूर्वी आम्ही डिस्क काढून दुसरीकडे लावायचो आणि डेटा देऊन टाकायचो. आता तिथे ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा क्रमांक मागितला जातो. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खात्यात जाऊन ती उतरवून घ्या आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. खातं मुलाने त्याच्या नावाने उघडून दिलं असेल तर की त्याच्याकडे असेल, विचारा.

श्रीलिपीतल्या प्रश्नपत्रिका हा वेगळा विषय आहे आणि मला त्याची विशेष काळजी वाटते, कारण मराठीत शाळांची, छापखान्यांची, पतसंस्थांची वर्षानुवर्षांची कामं अशा फाँटांत अडकलेली आहेत. या जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फाइल सुखरूप असली, पण फाँट नसला, तर समोर फक्त इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. नुसत्या फाइली कॉपी करून हा बॅकअप होत नाही. विंडोजच्या फाँट्सच्या फोल्डरातून श्री-देव नावाने सुरू होणारे फाँट शोधा आणि 'महत्त्वाचे'मध्ये 'फाँट' असं फोल्डर करून त्यात ठेवा. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केलं तो अजून शाळेत किंवा कुणाकडे असेल, तर आधी तिथून घ्या. मग प्रत्येक महत्त्वाची फाइल फाँट असलेल्या कॉम्प्युटरवर उघडून तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो, त्यामुळे निदान वाचता आणि छापता येतं. पुढे तुमचं लेखन तेवढं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसेल अशा पद्धतीत बदलून घ्या. बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं चुकतात, तेव्हा वाचून दुरुस्त करावं लागतं. मूळ फाइल मात्र काढू नका.

आणि फोल्डरांची नावं मराठीत ठेवली तर बिघडतं का? नाही, बिनधास्त ठेवा. फक्त लांबलचक नको. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतचा सगळा मार्ग साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो आणि त्यात काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह मोजलं जातं. 'महाराष्ट्र' आपल्याला चार अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर दहा मोजतो. फोल्डरात फोल्डर करत गेलात की मर्यादा लवकर येते आणि ती फाइल कॉपी व्हायची राहते.

दुसरी डिस्क कोणती घ्यावी? दोन टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, ओळखीच्या कंपनीची, बिलासहित. विंडोज तिची क्षमता १.८१ टीबी दाखवेल. ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, फसवणूक नाही. फसवणूक वेगळीच असते : अगदी किरकोळ किमतीत कित्येक टीबीच्या पेन ड्राइव्ह विकल्या जातात, ज्या आकडा मोठा दाखवतात आणि थोडं भरल्यावर पुढचं सगळं हवेत जातं. त्यांच्या वाटेला जाऊ नका. एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, पडण्या-आपटण्याला टिकते आणि वेगवान असते, पण वीज न लावता वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्यासाठी मी ती निवडत नाही, कारण तिच्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो हळूहळू गळतो, उष्णतेत जास्त. फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत : डिस्क फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस. मुलाकडे मॅक असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर आपण होऊन लिहीत नाही. फॅट३२ टाळा, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो.

डिस्क लॅपटॉपच्या यूएसबी ३ च्या पोर्टला लावा, पुष्कळदा आत निळी पट्टी असते. जुन्या यूएसबी २ वर सेकंदाला ३०-३५ एमबी जातं, म्हणजे २०० जीबीला दीड तासाच्या वर. यूएसबी ३ वर हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात काम. बारीक फाइली हजारोंनी असतील तर जास्त लागेल. झाल्यावर 'इजेक्ट' करा, आतलं फिरणं थांबेपर्यंत क्षणभर थांबा, मग उचला. फिरत असताना बसलेला धक्का सगळ्यात घातक असतो.

घेतलेला बॅकअप तपासायचा कसा, हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुळतो का ते बघा. मग डिस्कवरच्या पाच-सात फाइली खरोखर उघडा : एक जुना फोटो, एक व्हिडिओ मधूनच, एक एक्सेल, एक पीडीएफ. वर्षातून एकदा डिस्क दुसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरला लावून हेच करा, कारण गरज पडेल तेव्हा तुमचा लॅपटॉप नसेलच.

किती दिवसांनी घ्यायचा, याचं उत्तर आकड्यात नाही. स्वतःला विचारा, किती दिवसांचं काम पुन्हा करायची तयारी आहे? तुम्ही रोज लिहीत असाल तर लेखनाची प्रत रोज संध्याकाळी क्लाउडवर, कागदपत्रांची दर रविवारी डिस्कवर, आणि फोटो जेव्हा नवे उतरवाल तेव्हा लगेच. कॅमेऱ्याचं कार्ड डिस्कवर प्रत गेल्याशिवाय पुसू नका.

आता क्रम. नवी डिस्क आली की पहिल्या दिवशी बाकी काही न करता तीन वर्षांची डिस्क लावा आणि २०१९ पर्यंतचे फोटो नव्या डिस्कवर घ्या. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. पिवळी खूण आणि खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचे बिघडलेले तुकडे, दिसत असतील तर घाई करा. एका दमात सगळं नेऊ नका, वर्षवार न्या, आणि जे फोटो सगळ्यात मोलाचे ते आधी. कॉपी होताना वेग एकदम शून्यावर जाऊन अडकला, डिस्कमधून टकटक आवाज आला, किंवा विंडोजने डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारलं, तर 'नाही' म्हणा, डिस्क काढा आणि तिथेच थांबा. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन चालवू नका, पुन्हापुन्हा लावून बघू नका, इंटरनेटवरची रिकव्हरीची सॉफ्टवेअरं त्याच डिस्कवर टाकू नका. अशा अवस्थेत प्रत्येक प्रयत्नाने उरलेलं आणखी कमी होतं. ती तशीच डेटा रिकव्हरीचं काम खरोखर करणाऱ्या माणसाकडे न्या आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते त्याला सगळं सांगा. डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो, म्हणून काम सुरू करायच्या आधी अंदाज लेखी घ्या.